गुलाबी भुतासाठी घेतलेला टीव्ही गेम

लातूरच्या गंजगोलाईतून मागच्या महिन्यात साडेसहाशे रुपयांना एक टीव्ही गेम आणला. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते. आत दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट होती. शेकडो खेळ असल्याचा दावा केलेला असला, तरी तेच दहा-बारा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे आकड्याला भुलून कोणी हा संच घेऊ नये. मी तो घेतला तो पॅक-मॅनसाठी, त्यातही त्यातल्या गुलाबी भुतासाठी, आणि म्हणून हे परीक्षणही बव्हंशी त्या भुताचेच आहे.

जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी १९८० साली हा खेळ घडवला. चक्रव्यूहातले २४० टिपके आणि ४ मोठ्या गोळ्या खाऊन संपवायच्या आणि चार भुतांच्या हाती लागायचे नाही, एवढाच त्याचा नियम आहे. नवख्याला ही चारही भुते सारखीच वाटतात, परंतु मूळ जपानी खेळात प्रत्येकाला स्वभावदर्शक नाव दिलेले होते. लाल भूत पाठलाग करणारे, गुलाबी दबा धरून बसणारे, निळसर लहरी आणि नारिंगी म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वेड पांघरून पेडगावला जाणारे. हे नारिंगी भूत आठ घरांपेक्षा दूर असताना आपल्या अंगावर येते आणि जवळ आले की स्वतःच्या कोपऱ्याकडे निघून जाते.

गुलाबी भूत मात्र आपल्या मागे लागतच नाही. आपले तोंड ज्या दिशेला असेल, त्या दिशेने चार घरे पुढची जागा ते हेरते. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे कोणाला गाठायचे असेल तर जाणता माणूस गर्दीतून त्याच्या मागे धावत नाही, तो पुढच्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. पिंकी, म्हणजे हे गुलाबी भूत, नेमके हेच करते, आणि लाल ब्लिंकी मागून रेटत असताना तिने पुढची वाट धरली की सुटका कठीण होते. पण ती आपल्या पुढची जागा हेरते, यातच तिच्यावरचा उताराही आहे. ती जवळ आली असता पळण्याऐवजी तिच्याच दिशेने चालून गेले, तर तिने हेरलेली जागा तिच्या पाठीमागे पडते आणि वाटेत चौक असल्यास ती बहुधा वळून निघून जाते. धावपळीचा वाटणारा हा खेळ कोडे होतो तो इथे. माझ्या मते शत्रूच्या स्वभावाचा इतका नेटका विचार त्या काळातल्या फार थोड्या खेळांत सापडतो.

या संचातली आवृत्ती मूळ यंत्रावरची नाही. तरीही पिंकीची ही खोड मी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी ताडून पाहिली आणि ती टिकलेली आढळली, याचे मला मनापासून समाधान वाटले. चित्र स्वच्छ आहे. आवाज कर्कश आहे आणि अडॅप्टर अर्ध्या तासात तापतो.

खरी उणीव रिमोटची आहे. त्याचे डावे बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नव्हते आणि ज्या खेळात वळण येण्याआधीच बटण दाबून ठेवावे लागते, तिथे हा दोष जीव घेतो. दोन दिवस मी माझ्याच हाताला दोष देत राहिलो. नंतर दुकानदारांनी काही न विचारता रिमोट बदलून दिला. घेणाऱ्यांनी दुकानातच पॅक-मॅन लावून डावीकडची चार-पाच वळणे घेऊन पाहावीत. मूळ खेळात पहिल्या पातळीच्या सुरुवातीला भुते सात सेकंद आपापल्या कोपऱ्यांकडे वळलेली असतात. या संचातही सुरुवातीला तेवढी उसंत मिळते आणि बटण पारखायला ती पुरते.