लेक धबधबा बघत होती आणि मी दुकानातून पैसे पाठवत होतो

माझी थोरली लेक जर्मनीत श्टुटगार्टला शिकते. मे महिन्याच्या शेवटी चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून तिघी मैत्रिणी स्वित्झर्लंड बघायला गेल्या. त्या सहलीच्या दुसऱ्याच दिवशी माझे ९५ हजार रुपये गेले. ज्यांची मुलं बाहेर शिकतायत, त्यांच्यासाठी जे घडलं ते सगळं लिहितोय.

आमचं कापडाचं दुकान कोल्हापुरात महाद्वार रोडला आहे. दुपारी सव्वा वाजता, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सअॅप कॉल आला. डीपीवर वर्दीतला माणूस. हिंदीत बोलत होता. बर्नच्या भारतीय दूतावासातून बोलतोय म्हणाला. लेकीचं पूर्ण नाव, तिचं शहर, तिचा कोर्स, काल ती इंटरलाकेनला उतरली हेसुद्धा त्यानं सांगितलं. मग म्हणाला, तिच्याकडे व्हिसा जर्मनीचा आहे, स्वित्झर्लंडचा नाही. पोलिसांनी धरलंय. दंड आत्ता भरला तर सोडतील, नाही तर केस होईल, कॉलेजातनं नाव जाईल आणि मुलगी परत पाठवली जाईल. एवढ्यात मागनं एका पोरीचं रडणं ऐकू आलं. "पप्पा, पप्पा" एवढंच.

माझे हातपाय गळाले. फोन कट करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, असं तो दर मिनिटाला बजावत होता. तरी मी कामावरच्या पोराचा मोबाईल घेऊन लेकीला लावला. लागला नाही. मेसेज टाकला तर एकच टिक. त्या एका टिकेनं माझी उरलीसुरली शंका संपवली. त्यानं दिलेल्या यूपीआयवर मी ९५ हजार पाठवले. अर्ध्या तासात वकिलाची फी म्हणून आणखी १ लाख ८० हजारांची मागणी आली. यूपीआयची दिवसाची मर्यादा जवळजवळ संपली होती, म्हणून चालू कॉल खिशात ठेवून मी आमच्या सहकारी बँकेत गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी स्लिप बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अण्णा, कुणाला पाठवताय एवढे? हात का थरथरतोय?" मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न केला: "दंड स्वित्झर्लंडचा, मग खातं इथल्या कुणाच्या तरी नावावरचं बचत खातं कसं?" त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, माझ्या खिशातला फोन काढून कट केला आणि स्वतः १९३० ला लावून दिला. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा नंबर आहे. पैसे गेल्यापासून तिथं तक्रार पोचायला सव्वा तास झाला होता. तेवढ्यात रक्कम दोन-तीन खात्यांतनं पुढं सरकली होती, तरी ३१ हजार गोठवता आले. बाकीचे गेले. गोठवलेले पैसेही लगेच हातात येत नाहीत. पैसे गेले की भावकीला फोन करत बसू नका. आधी १९३० ला फोन करा, व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा.

संध्याकाळी साडेसहाला, तिथल्या तीन वाजता, लेकीचा फोटो आला. लाउटरब्रुनेनच्या दरीतला श्टाउबबाख धबधबा, उंची जवळजवळ तीनशे मीटर. खाली लिहिलं होतं: "अण्णा, वारं आलं की पाणी खाली पोचायच्या आधीच धुकं होतंय." माझी बायको तो फोटो छातीशी धरून रडली.

तेव्हा लक्षात आलं, लेक मला जन्मात कधी पप्पा म्हणालेली नाही. ती अण्णा म्हणते. भ्यायलेल्या पोरीच्या तोंडून बापाला परकी हाक येईल का? पण त्या घटकेला माझ्या कानाला ते कळलं नाही.

फोन का लागत नव्हता, तेही नंतर कळलं. युरोपियन युनियनच्या देशांत २०१७ पासून रोमिंगचा जादा खर्च बंद झालाय, त्यामुळं तिचं जर्मन सिम फ्रान्समध्ये, इटलीत तसंच चालतं. स्वित्झर्लंड मात्र युनियनमध्ये नाही. तिच्या प्लॅनमध्ये तो देश नव्हता. बिल येईल म्हणून तिनं सिमच बंद करून ठेवलं होतं, हॉस्टेलचं वायफाय मिळालं की बघायची. सहलीला जायचं तिनं आम्हाला सांगितलं होतं, हे तेवढं सांगायचं राहिलं. आणि व्हिसाची ती धमकी तर सरळ खोटी होती. शेंगेन म्हणजे युरोपातल्या देशांचा असा गट, ज्यात एकाचा व्हिसा बाकीच्यांत फिरायला चालतो; स्वित्झर्लंड २००८ पासून त्यात आहे. जर्मनीचं निवास परवानगीचं कार्ड आणि पासपोर्ट जवळ असला की १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत तिथं फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. एवढी एक गोष्ट मला ठाऊक असती तर तो माणूस पहिल्याच वाक्यात पडला असता. तुमचं मूल ज्या देशात आहे तिथला हा नियम त्याच्याकडून आजच समजून घ्या. मुलाला खरंच अटक झाली असं कुणी म्हणालं, तर दूतावासाचा नंबर त्यांच्या साईटवरून स्वतः काढून आपण फोन करायचा.

त्याला एवढी माहिती कुठनं मिळाली, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. उत्तर आमच्याच गल्लीच्या तोंडाला टांगलेलं होतं. लेक गेली तेव्हा तालमीच्या पोरांनी हौसेनं मोठा फ्लेक्स लावला होता. तिचा फोटो, पूर्ण नाव, कोर्स, जर्मनीतलं शहर आणि खाली शुभेच्छुक म्हणून आमच्या दुकानाचं नाव, मोबाईल नंबरासकट. त्याचा फोटो फेसबुकवर अजून होता. इंटरलाकेन स्टेशनवरचा तिचा फोटो इन्स्टाग्रामवर, खातं सगळ्यांना उघडं. माझ्या मते यावरनंच त्यानं गाठ मारली. आमच्या कौतुकात काही वाईट नव्हतं, पोरांच्या मायेत तर नाहीच. पण तो नंबर तिथं नको होता.

आता लेक प्रवासाला निघाली की सिम कुठं चालणार नाही, कधी बोलणं होणार नाही, आणि सोबतच्या मैत्रिणीचा नंबर, हे सगळं आईला आधी कळवते. फोटो परत आल्यावर टाकते. शिवाय घरात एक प्रश्न ठरलाय, ज्याचं उत्तर आम्हा चौघांनाच माहीत आहे.

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा आयर्लंडला शिकायला निघाला. फ्लेक्सचं डिझाईन माझ्या मोबाईलवर आलं, बघून सांगा म्हणून. मी त्याच्या वडिलांना दुकानात बोलावलं, ही सगळी हकीकत सांगितली आणि शेजारी बसून एकेक ओळ काढायला लावली. आता गल्लीत जो बोर्ड लागलाय त्यावर पोराचा फोटो आहे, पहिलं नाव आहे आणि "हार्दिक अभिनंदन" आहे.