सर्वांना एकच उपचार की स्वभाव पाहून?
दारू सोडवायला सगळ्यांना एकच कार्यक्रम देणं राबवायला सोपं, आणि वाटतं तितकं वाईटही नाही. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या अभ्यासाने १,७२६ मद्यग्रस्तांवर तीन उपचारपद्धती तपासल्या. १९९७ च्या निष्कर्षांत माणूस पाहून पद्धत निवडल्याचा फारसा फायदा दिसला नाही. एक अपवाद रागीट बाह्यरुग्णांचा: त्यांना स्वतःची कारणं स्वतःच शोधायला लावणारं, अवघ्या चार सत्रांचं प्रेरणात्मक समुपदेशन जास्त मानवलं.

तरी मला स्वभाव पाहणंच पटतं. उतावळा माणूस तलफ आली की थांबत नाही. चिंताळू छातीतली धडधड शमवायला पितो. दोघांना एकच धडा कसा पुरेल? फक्त स्वभाव तपासणाऱ्या चाचणीची घाई नको. नाहीतर दारू सुटतानाच्या पहिल्या आठवड्यांतली चिडचिड, उदासी हाच स्वभाव समजला जातो.