पंधरा अँपिअरचा सॉकेट की भिंतीवरचा बॉक्स? सांगलीत गाडी घरी चार्ज करायची तर

शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की सेल्सवाला पोरगा पुढचा प्रश्न टाकतोच. घरी भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जिंगचा बॉक्स बसवून घेणार, की गाडीबरोबर मिळणारी केबल साध्या सॉकेटला लावून भागवणार? दीड वर्षापूर्वी मी तिथंच अडलो होतो. शेवटी विश्रामबागेतल्या घराखाली पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर राहिलो, आणि तासगावच्या मेव्हण्यानं बॉक्स बसवला. दोघांची लाईटबिलं आणि दोघांच्या कटकटी मला पाठ आहेत. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. सांगली-मिरज-कुपवाड एवढंच रोजचं फिरणं असेल तर सॉकेट पुरतो. फक्त घरात आधीपासून असलेला सॉकेट धरू नका. पैसे नव्या वायरीत आणि अर्थिंगमध्ये घाला, बॉक्सचं पुढचं पुढं.

एक गैरसमज आधी काढायला हवा. भिंतीवरच्या बॉक्सला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातली एसी वीज डीसी करून बॅटरीत भरायचं काम तोच करतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. बॉक्स काय किंवा केबलच्या मधली ती विटेएवढी डबी काय, दोघंही राखणदार. अर्थिंग आहे का बघायचं, गाडीला किती करंट ओढायचा ते सांगायचं, काही बिनसलं तर लाईन तोडायची. म्हणून बॉक्सची चौकशी करण्याआधी गाडीचा ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे ते बघा. एमजी कॉमेट गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलसारखा तो ३.३ चा असेल तर ७.२ चा बॉक्स लावूनही गाडी ३.३ नेच भरणार. चमचा तेवढाच, ताट कितीही मोठं घ्या. थ्री फेजवरचा ११ किलोवॅटचा बॉक्स घ्यायला सांगणारेही भेटतात, तिथंही हाच हिशोब.

वेळेचं गणित मी अंदाजानं नाही, रोजच्या सवयीनं सांगतो. पंधरा अँपिअरच्या प्लगमधून प्रत्यक्षात ३ किलोवॅटच्या आसपास वीज जाते. बॅटरीत पोचेपर्यंत त्यातली दहा-बारा टक्के उष्णतेत आणि गाडीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर खर्ची पडते. माझी गाडी एका युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते. विश्रामबाग ते मिरज, तिथून कुपवाड एमआयडीसी आणि परत, असे दिवसाला ४० किलोमीटर झाले तर भिंतीतून साडेसहा युनिट लागतात. म्हणजे सव्वादोन तास. जेवण झाल्यावर लावली तर झोपायच्या आधी काम झालेलं असतं. बॉक्सवर हेच काम तासाभरात उरकतं. पण त्या वाचलेल्या सव्वा तासाचं करायचं काय? गाडी अशीही सकाळपर्यंत उभीच असते.

फरक पडतो तो बॅटरी तळाला गेल्यावर. टियागोची २४ युनिटची बॅटरी सॉकेटवर एका रात्रीत भरते. नेक्सॉनची ४५ ची बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण भरायची म्हटली तर पंधरा तास धरा. संध्याकाळी सातला लावली तर सकाळी दहाला. बॉक्सवर तीच सहा-साडेसहा तासांत होते. मेव्हण्याचा द्राक्षाचा व्यवसाय, हंगामात एक दिवसाआड पुण्याला जाणं. सांगलीहून पेठ नाक्यावरून हायवेला लागून पुणं सव्वादोनशेच्या पुढंच पडतं. रात्री अकराला रिकामी गाडी घेऊन येणाऱ्या आणि पहाटे सहाला निघणाऱ्या माणसाला सॉकेट उपयोगाचा नाही. त्याचा बॉक्स चैनीचा नव्हे, कामाचा आहे.

आता वायरीचं, कारण जी काही आफत येते ती इथूनच. आमच्या पार्किंगमध्ये गाडी धुवायच्या मोटारीसाठी एक पंधरा अँपिअरचा सॉकेट होता. बिल्डरनं लावलेला. वायरमनला विचारलं तर म्हणाला, "चालतंय की साहेब. गिझर चालतोय म्हंजे गाडी चालणारच." तीन आठवडे चाललं. मग एका रात्री पार्किंगमध्ये प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. प्लग काढला तर एक पिन तपकिरी झालेली आणि सॉकेटचं भोक मऊ पडून वाकलेलं. उघडून बघितलं तर पाण्याच्या मोटारीच्या लाईनवरूनच पुढं ओढलेली बारीक वायर, आणि स्क्रूखाली ती धड आवळलेलीही नव्हती.

गिझरचा दाखला सगळे देतात आणि तो इथं चुकतो. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास ओढतो, तेही पंधरा-वीस मिनिटं. गाडी १३ अँपिअर ओढते, सलग आठ-दहा तास. करंट दीडपट झाला की वायरीतली उष्णता सव्वादोनपट होते, आणि तिला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. सांधा जिथं ढिला, तिथं ती साठते. म्हणून मीटरच्या बोर्डपासून थेट पार्किंगपर्यंत वेगळी लाईन ओढून घ्या, मधे कुठेही जोड नको. तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची वायर, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठं गळायला लागला की लाईन तोडणारा खटका). सॉकेट असा की प्लग गच्च बसला पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. केबलचा प्लग कापून दुसरा लावून देतो म्हणणाऱ्यालाही हात लावू देऊ नका, वॉरंटीचा घोळ होतो. बॉक्ससाठी ३२ अँपिअर जाणार, म्हणून वायर ६ स्क्वेअर एमएमची किंवा त्याहून जाड. अंतर लांब असेल तर दोन्हीकडे वायर एक पायरी जाड घ्या.

अर्थिंगचा किस्सा वेगळाच. केबलच्या डबीवर लाल दिवा लागला आणि गाडी चार्जच होईना. वायरमननं तोडगा काढला: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्यानं जोडून देतो, दिवा जातो. दिवा जातो हे खरं. पण उद्या वादळात बाहेर कुठं न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटली की घरातली जिवंत फेज त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस तिच्या वाटेत सापडतो. हा जुगाड करणारा वायरमन लगेच बदला. मी अर्थिंगचा नवा खड्डा घेतला. आपल्याकडची काळी माती मात्र एप्रिलमध्ये भेगा पडेपर्यंत सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं. पहिल्या उन्हाळ्यात लाल दिवा परत आला, तेव्हा दोन बादल्या पाणी ओतल्यावर गेला. तेव्हापासून झाडांना पाणी घालताना खड्ड्यालाही घालतो. बायको म्हणते, अर्थिंगला फुलं येतील. बॉक्स घेतला म्हणून या सगळ्यातून सुटका नाही, त्यालाही अर्थिंग तेवढंच चोख लागतं.

खर्च असा झाला. वीस मीटरची वेगळी लाईन, एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट, अर्थिंग आणि मजुरी धरून माझे १४ हजार गेले. मेव्हण्याचे बॉक्स, जाड वायर, अर्थिंग आणि थ्री फेजची कागदपत्रं मिळून साठ हजारांच्या घरात. काही गाड्यांबरोबर बॉक्स किमतीतच येतो, तेव्हा अर्थातच घ्या. पण सिंगल फेजच्या घरात ३२ अँपिअरचा बॉक्स, वर एसी आणि गिझर एकदम चालले तर मेन पडणार. म्हणून महावितरणकडे मंजूर भार वाढवून, बहुतेकदा थ्री फेज घेऊनच तो बसतो, आणि थ्री फेजचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त लागतो. गाडी चालो न चालो. सॉकेटलाही मंजूर भार तपासाच. बिलावर छापलेला असतो, आपण तिकडं कधी बघत नाही एवढंच.

बिलाबद्दलची एक भीती मात्र उगाच आहे. "तीनशे युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महाग दरानं येतं" असं मला तिघांनी छातीठोकपणे सांगितलं. तसं नसतं. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, खालची युनिटं खालच्याच दरानं मोजली जातात. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरलात तर सुमारे १९५ युनिट वाढतील. गणितापुरता युनिटला सगळं मिळून १४ रुपये दर धरा: २,७३० रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्यासाठी ८० लिटर लागतं, आणि पेट्रोल शंभरीच्या वर आहे. स्वतःची गाडी घरी चार्ज करायला घरगुती दरच लागतो. महावितरणकडं चार्जिंगची वेगळी वर्गवारीही आहे, पण एका गाडीसाठी दुसरा मीटर घ्यायची उठाठेव मी केली नाही.

स्मार्ट मीटरवाल्या घरांना आता दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. नोकरदाराची गाडी त्याच वेळेला ऑफिसखाली उन्हात उभी असते, हा भाग वेगळा. निवृत्त माणसांना आणि घरून काम करणाऱ्यांना मात्र इथं साधा सॉकेट फार सोयीचा पडतो. आठ तास सावकाश ३ किलोवॅट. छतावर सोलर असेल तर अजूनच. ३ किलोवॅटचं सोलर बऱ्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिट देतं, आणि सूर्यघर योजनेत तेवढ्यासाठी ७८ हजारांचं केंद्राचं अनुदान आहे. गाडी आणि सोलर यांचा आकडा असा जवळपास जुळतो की बॉक्सची घाई त्यात बसतच नाही.

सांगलीत राहून पुराचा विचार न करता भिंतीवर काही ठोकणं म्हणजे २०१९ विसरणं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा भागात तळमजल्याच्या पार्किंगमध्ये छातीच्या उंचीवर लावलेला बॉक्स पाण्याखाली जाणार हे धरूनच चालायचं. केबल मात्र गुंडाळून डिकीत टाकता येते आणि गाडीसकट उंचावर नेता येते. दुसरी बाजूही आहे, ती मेव्हण्यानंच लक्षात आणून दिली. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आल्यापासून ते सांगलीत पोचेपर्यंत थोडा अवधी मिळतो, आणि पाणी चढलं की महावितरण त्या भागाची लाईट बंद करतं. त्या अवधीत साडेचार तासांत पूर्ण भरणारा बॉक्स आणि अकरा तास घेणारा सॉकेट यांत कोणाला बरं वाटेल ते उघड आहे. नदीकाठच्या लोकांनी पावसाळ्यात बॅटरी ६० टक्क्यांच्या खाली जाऊ न देणं हा त्यातला मधला मार्ग. आणि सॉकेट असो वा बॉक्स, त्याचा एमसीबी वरच्या मजल्यावर हवा. गुडघाभर पाण्यात उतरून खटका पाडायची वेळ येऊ नये.

हायवेवरच्या फास्ट चार्जरवरच भागवू, असं म्हणणारे फ्लॅटवाले बरेच आहेत. प्रवासात तो लागतोच. पण रोजच्यासाठी नाही: युनिट घरच्यापेक्षा चांगलंच महाग, रांग लागली तर वेळ वेगळा. सोसायटीत असाल तर सेक्रेटरींना भेटून स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत लाईन ओढायची लेखी परवानगी घ्या. कॉमन मीटरवर गाडी लावली की पुढच्या सर्वसाधारण सभेत चहापेक्षा तुमचाच विषय जास्त उकळतो.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल माफ आहे म्हणून पंपाच्या पेटीतून गाडीला वायर काढायचा मोह होतो. मेव्हण्यालाही झाला होता. शेतीच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, दंडासकट वसुली होते. शिवाय शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. गाडी काही उसाच्या पाळीप्रमाणे तहानत नाही.

लाईन नवी असो की जुनी, पहिल्या दिवशी एक करा. गाडी तासभर चार्ज होऊ द्या, आधी गाडीतून चार्जिंग थांबवा, मग सॉकेटचा खटका बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावून बघा. कोमट असतील तर ठीक. बोट ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर त्या रात्री गाडी लावू नका, गाडीत करंट कमी करायची सोय असली तरीही. सकाळी वायरमनला बोलवा, आणि तो "चालतंय की" म्हणाला तर त्याच्यासमोर सॉकेट उघडायला लावा.