हौसेच्या शिवणासाठी घरगुती झिगझॅग मशीन : वापरानंतरचे परीक्षण

घरी हौसेने कपडे शिवणाऱ्यांसाठी विजेवर चालणारी, हलकी आणि झिगझॅग म्हणजे नागमोडी टाका देणारी जी मशीने बाजारात मिळतात, त्यांपैकी एक कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतील घरात नेहमीच्या वापरात आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. अंगावरच्या कपड्यांसाठी हे मशीन उत्तम आहे, पिशव्यांसाठी बेताचे आहे आणि वाकळेसाठी, म्हणजे गोधडीसाठी ते नाहीच; म्हणून नवे मशीन घेताना घरातले जुने काळे पायमशीन कुणी भंगारात देऊ नये. कंपनीचे नाव येथे मुद्दाम घेत नाही, कारण या किमतीतल्या, म्हणजे साधारण दहा ते पंधरा हजारांच्या घरातल्या मशीनांची आतली रचना बरीचशी सारखीच असते. खालच्या दोऱ्याची रिळी (बॉबिन) धरणारी, पुढून बसणारी बॉबिन केस, टाक्यांची निवड करणारी एक चकती, पायाने दाबायचा रेग्युलेटर आणि सहा-सात किलो वजन हे सगळीकडे सारखेच आढळते, त्यामुळे पुढचे विवेचन या वर्गातल्या बहुतेक मशीनांना लागू पडेल.

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा टाक्यांचा आकडा ऐकवला जातो. या मशीनमध्ये सात टाके, त्याच्या पुढच्यात तेरा, त्याच्याही पुढच्यात एकवीस, आणि त्या आकड्याबरोबर किंमत चढत जाते. प्रत्यक्षात घरच्या शिवणात साधी टीप, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग, काज आणि फार तर खालची दुमड न दिसता शिवणारा ब्लाइंड हेम एवढेच टाके कामाला येतात. लहान मुलीच्या फ्रॉकच्या घेरावर एखादी शिंपल्यासारखी नक्षी काढली तर ती शोभते, नाही असे नाही. पण त्या नक्षीसाठी दोन-तीन हजार जास्त मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या कात्रीवर, सुयांवर आणि दोऱ्यांवर खर्च करावेत, असे मला मनापासून वाटते.

या मशीनचे खरे मोल झिगझॅग टाक्यात आहे आणि ते सर्वांत जास्त कळते खणाच्या कापडावर. आपल्याकडे ओटीत आलेले खण कपाटात साठतात आणि त्यांची कुंची, परकर-पोलके, बटवा किंवा पर्स शिवावी अशी इच्छा प्रत्येक घरात असते, परंतु खणाचा धागा कापल्याबरोबर सुटू लागतो आणि शिवणीबाहेर अर्धा इंच सोडलेली माया, म्हणजे जास्तीचे कापड, दोन-तीन धुण्यांत पाव इंचावर येते. पायमशीनवर यासाठी काठ दुमडून दुहेरी शिवण घालावी लागते. तिने कुंचीच्या मानेजवळ कापड जाड होते आणि ते बाळाला टोचते. झिगझॅगवर हेच काम सरळ उरकते. टाक्याची रुंदी 4 ते 5 मिलिमीटर आणि लांबी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, आणि सुई उजवीकडे झुकेल तेव्हा ती कापडाच्या काठाच्या अगदी बाहेर, जेमतेम केसभर पलीकडे उतरली पाहिजे. तसे झाले की दोरा काठाला वळसा घालून बसतो आणि खणाचा सुटणारा धागा त्या वळशात अडकून राहतो. सुई काठाच्या आत उतरली तर बाहेरची झालर सुटतच राहते. फार बाहेर गेली तर काठ गोळा होऊन नळीसारखा वळतो. टेलरकडच्या इंटरलॉकची सफाई याला येत नाही, कारण तिथे दोन-तीन दोरे एकदम गुंफले जातात आणि जास्तीचा काठही कापला जातो; पण घरात घालायच्या आणि हाताने धुवायच्या कपड्यांना झिगझॅग पुरेसा पडतो. पिकोच्या बाबतीत मात्र आशा ठेवू नये. साडीच्या पदराला पिकोच्या खास मशीनवर जी बारीक वळकटी येते, ती या मशीनवर साधत नाही. साडी पिकोवाल्याकडेच द्यावी, फॉल मात्र घरी लावावा.

फॉल आणि अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावावे, हे नव्याने शिवणाऱ्यांसाठी सांगितलेले बरे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि वरचे कापड न आटता फक्त अस्तर आटले तर ब्लाउजच्या बगलेत अशा चुण्या पडतात की कितीही चांगल्या मशीनवर शिवलेले शिवण फुकट जाते.

ब्लाउजच्या बाहीसाठी या मशीनला एक सोय आहे, जी जाहिरातीत शेवटी येते आणि मी मात्र पहिल्या क्रमांकावर ठेवीन. पुढचा साहित्याचा कप्पा काढला की मशीनचा खालचा भाग निमुळत्या हातासारखा मोकळा होतो आणि शिवलेली बाही त्यावर कंकणासारखी चढवता येते. बाहीचा घेर, लहान मुलांच्या पायजम्याची मोहरी, कुंचीचा गळा, झबल्याची बाही या सगळ्या अरुंद गोलाईच्या जागा त्यामुळे गोल फिरवत, खालचे कापड वरच्यात न अडकता, एका टिपेत पूर्ण होतात. सपाट पाट असलेल्या पायमशीनवर याच कामात खालचा थर नकळत टिपेखाली येतो आणि उसवत बसावे लागते.

काजांबाबतही समाधान आहे, मात्र थोडे अभ्यासाचे काम आहे. स्वस्त मशीनवर काज चार टप्प्यांत होते : एक बाजू, टोकाची आडवी बंदी, दुसरी बाजू, पुन्हा बंदी, आणि प्रत्येक टप्प्याला चकती हाताने फिरवावी लागते. दोन्ही बाजूंची लांबी सारखी येण्यासाठी कापडावर खडूने दोन आडव्या रेघा मारून घ्याव्यात आणि आत पातळ कॅनव्हास असल्याशिवाय काजाला हात घालू नये, कारण नुसत्या कापडावर त्या दाट टाक्यांनी काठ आक्रसतो. काज कापताना दोन्ही टोकांना आडव्या टाचण्या टोचून मधूनच कापावे, म्हणजे उसवणी पुढे घसरून बंदी तुटत नाही. नवऱ्याच्या सुती सदऱ्याचे काज घरी झाले तेव्हा काजासाठी टेलरकडे घालायची फेरी कायमची वाचली.

नव्या मशीनवाल्यांची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होणे. तो खाली दिसतो म्हणून सगळेजण बॉबिनला दोष देतात आणि बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळत बसतात, वास्तविक दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, म्हणजे दाबाचा पाय, खाली असताना वरच्या ताणाच्या दोन चकत्या एकमेकींना मिटलेल्या असतात. तशात दोरा ओवला तर तो त्यांच्या मध्ये जातच नाही, बाहेरून घसरतो, त्यावर ताण राहत नाही आणि मोकळा सुटलेला सगळा दोरा कापडाखाली गोळा होतो. म्हणून दोरा ओवताना पाय नेहमी वर उचललेला असावा आणि ओवून झाल्यावर पाय खाली सोडून दोरा हलकेच ओढून पाहावा. हाताला अडकल्यासारखा लागला तर ओवणी बरोबर आहे. आमच्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत ओवणीची चित्रे आहेत, पण हे कारण कुठेही सांगितलेले नाही. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला अर्धी ओळही न देणे मला अजिबात पटत नाही, कारण याच गुंत्याला कंटाळून कितीतरी घरांत मशीन खोक्यात परत जाते.

आता पिशव्यांकडे येते. जुन्या जीनची भाजीची पिशवी, डब्याची पिशवी, पाठीवरची लहान पिशवी हे हौसेच्या शिवणातले आवडते प्रकार आहेत. जीनचे दोन थर मशीन 16 नंबरच्या सुईने विनातक्रार शिवते. अडचण सुरू होते ती पिशवीला धरायचे बंद जोडण्याच्या जागी, जिथे दुमडींसह सहा-सात थर एकावर एक येतात. दाबाचा पाय त्या उंचवट्यावर चढताना पुढून उचलला जातो, कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दातांची पकड सुटते आणि टाके एकाच जागी साचतात. यावर उपाय आहे : 18 नंबरची सुई लावावी, टाक्याची लांबी 3 ते साडेतीन मिलिमीटर करावी, पायाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवून पाय समतल करावा आणि ते चार-पाच टाके मोटारीने न मारता हाताने चाक फिरवून घालावेत. असे केले की बंद पक्का बसतो. परंतु दर पिशवीला हा उपद्व्याप करावा लागणे म्हणजे मशीन त्या कामासाठी नाही, हे मान्य केले पाहिजे. यातली मोटार लहान असते, आणि सलग जाड कापड ओढायला लावले की तिच्या अंगाला हात लावताच ऊन जाणवते.

वाकळेच्या वेळी तर आमच्या सासूबाईंनी मला सरळ थांबवले. जुन्या नऊवारीचे थर, मध्ये सुती चादर आणि कडेला उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचा गोट असा तो ऐवज पाहून त्या म्हणाल्या, “एवढ्याशा मोटारीला कशाला ओढायला लावतेस? आपलं काळं मशीन आहे की.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले. त्या बिडाच्या अंगाचे वजन, मोठ्या चाकाची गती आणि पायाच्या तालावर हवा तेवढाच वेग, यांमुळे गोटाच्या कोपऱ्यावर ते मशीन एकदाही अडखळले नाही. वाकळेच्या मधले धावदोरे मात्र हातानेच घालावेत. मशीनच्या टिपेने ती ताठ होते आणि तिचा मऊपणा हरवतो.

सुया आणि दोरे यांबाबत थोडे. घरगुती मशीनला मागून चपटी केलेली सुई लागते आणि तिची चपटी बाजू मागे ठेवून ती वरपर्यंत ढकलून घट्ट करायची असते. कारखान्यातल्या वेगवान मशीनची पूर्ण गोल देठाची सुई येथे चालत नाही. मलमल आणि अस्तरासाठी 11 नंबर, नेहमीच्या सुती कापडासाठी 14 आणि जीनसाठी 16 असा हिशेब ठेवला की पुरते. बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर टाके सुटू लागले तर मशीन बिघडले असे समजू नये. बोथट गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लावताच ते थांबते, कारण ती धागा न तोडता दोन धाग्यांच्या मधून वाट काढते. महाद्वार रोडच्या परिसरात शिवण-साहित्याच्या दुकानांत हे सगळे मिळते, फक्त बॉबिन घेताना घरची एक बॉबिन पिशवीत टाकून न्यावी. दिसायला सारखी पण उंचीला किंचित वेगळी बॉबिन केसमध्ये बसते, फिरते आणि तरीही टाका बिघडवते. टेलर वापरतात तो दोऱ्याचा मोठा कोन स्वस्त पडतो, पण या मशीनच्या दांडीवर तो राहत नाही; त्यासाठी मागे वेगळा स्टँड ठेवावा लागतो.

सरावाच्या कापडासाठी आपल्याला लांब जायला नको. तीस किलोमीटरच्या आत इचलकरंजी आहे आणि तिथल्या मागांवरचे साधे पॉपलिन आणि केंब्रिक आपल्याकडे सहज मिळते. या कापडाचा उभा-आडवा धागा डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि बेतताना ते घसरत नाही, म्हणून पहिला परकर, पहिला अभ्रा यावरच शिवावा. गुळगुळीत सॅटिन किंवा जॉर्जेट घेऊन सुरुवात करणे म्हणजे हौसेवर अन्याय करणे आहे.

देखभालीत कोल्हापूरचा पाऊस लक्षात घ्यावा लागतो. जून ते सप्टेंबर घरातली हवा इतकी दमट असते की वापरात नसलेल्या सुईवर आणि बॉबिन केसवर गंजाचे ठिपके येतात. आठवड्यातून एकदा केस बाहेर काढून आतली कापसाची धूळ ब्रशने झाडावी, केसमागे फिरणाऱ्या शटलच्या कडेला मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा आणि नंतर एक टीप चिंधीवर मारावी, म्हणजे तेलाचा डाग चांगल्या कापडावर पडत नाही. खोबरेल तेल चुकूनही घालू नये. ते थंडीत थिजते.

विक्रीपश्चात सेवेचा अनुभव मात्र समाधानकारक नाही. ज्या दुकानातून मशीन घेतले, तिथे घरी येऊन प्रात्यक्षिक देण्याचे कबूल केले होते. वारंवार फोन करूनही कुणी आले नाही, आणि रेग्युलेटरची वायर सैल झाली तेव्हा दुकानाने कंपनीच्या मदत क्रमांकाकडे बोट दाखवले. शेवटी गल्लीजवळच्या, पायमशीने दुरुस्त करणाऱ्या वयस्कर कारागिरांनी ती वायर बसवून दिली. म्हणून खरेदीच्या दिवशीच दुकानात बसून आपले काम करून घ्यावे. घरून खणाचा तुकडा, बनियनचा तुकडा आणि चार घड्या केलेली जीन घेऊन जावी, विक्रेत्याच्या तयार चिंधीवर नव्हे तर या तिन्हींवर आपल्या हाताने टीप, झिगझॅग आणि एक काज काढून पाहावे, आणि वॉरंटीच्या कार्डावर मोटारीची आणि बाकी भागांची मुदत वेगवेगळी लिहिलेली आहे का, हे वाचून शिक्का मारून घेतल्यावरच पैसे द्यावेत.