एरिक्सन मशीनच्या नावाखाली 1,47,500 रुपयांचा चुना

1,25,000 अधिक 18 टक्के जीएसटी 22,500. एवढे मोजून रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपने पत्रा तपासायचं 'नवं' एरिक्सन कपिंग मशीन घेतलं. गोल टोकाचा पंच पत्र्यात दाबायचा, चीर पडेपर्यंत कप किती मि.मी. खोल गेला ते रीडिंग. पंच 20 मि.मी.चा बरोबर होता. पंच ज्यात उतरतो त्या डायचं भोक 27 हवं, ते निघालं 28.4. पत्रा घट्ट धरणाऱ्या ब्लँकहोल्डरची पकड साधारण 10 किलोन्यूटन हवी, इथे जुनी स्प्रिंग रंगवून बसवलेली. पकड ढिली म्हणजे पत्रा नुसता ताणला जात नाही, आत ओढला जातो, आणि चीर पडेपर्यंत कप फुकटचा खोल जातो. 1 मि.मी.च्या पत्र्याचं रीडिंग 11.2 आलं. आम्ही खूश. तोच पत्रा प्रेसवर कोपऱ्यात फाटायला लागला, तेव्हा वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये पाठवला. तिथे 9.3!

डेमोलाच कळायला हवं होतं. 90 मि.मी. रुंद पट्टी कपाच्या रेषेत कमरेसारखी आत गेली होती. व्हर्नियर खिशात होता, लावला असता तर 88 दिसलं असतं. नाही लावला. त्यात पत्रा विक्रेत्यानेच आणलेला, आणि पंच पत्र्याला टेकायच्या आधीच त्याने डायल शून्य केला. पण हातात लॅबचा शिक्का असलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असलं की समोरच्यावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही हो. त्या नंबरचं सर्टिफिकेट आम्ही दिलेलंच नाही, असं लॅबने नंतर सांगितलं. पैसे देण्याआधी एक फोन करा, फुकट असतो.

बिलावरचा जीएसटी नंबरही आधीच रद्द झालेला. जीएसटी पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. 22,500 चं क्रेडिटही गेलं, म्हणजे आमच्या करातून ते वजा होणार नाहीत.

असं मशीन घेताना ग्रॅफाइट ग्रीस लावून निदान तीन कप काढायला लावा, पत्रा आपला न्या. चीर आरपार गेली की थांबायचं. विक्रेता हँडल फिरवतच राहिला तर आकडा फुगतोय समजा.

आता दाद मागायची कुठे? सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर विचारतात, 'माल मिळाला ना?' ग्राहक आयोगात वकील म्हणतो, मशीन धंद्यासाठी घेतलं, तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. लघुउद्योगांचं समाधान पोर्टल विक्रेत्याच्या थकलेल्या पैशांसाठी, फसलेल्या खरेदीदाराला तिथे रकानाच नाही. चौकीत पहिल्यांदा 'दिवाणी मामला', दुसऱ्यांदा 'साहेब बंदोबस्ताला', तिसऱ्यांदा म्हणे मशीन घेऊन या, बघतो. 95 किलोचं मशीन टेम्पोत टाकून नेलं, टेम्पोचे 1,400 वेगळे. हवालदाराने हँडल एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, 'चालतंय की.'