ड्रोन पायलटचा कोर्स आणि कासचा वीकएंड: पैसे भरण्याआधी हे वाचा

कासचा फुलांचा हंगाम जवळ आला की 'कोर्सही करा, वीकएंडही घालवा' अशा जाहिराती आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागतात. त्यातल्याच एका जाहिरातीपायी माझे आणि माझ्या भाच्याचे मिळून चाळीस हजार रुपये गेले. कोरेगाव, रहिमतपूर, वाई भागातली बरीच पोरं सध्या ड्रोन फवारणीचा विचार करतायत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आमचं कृषी सेवा केंद्र आहे. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरायला माणूस मिळत नाही. पाती हातातोंडाला कापतात, औषध अंगावर येतं. ड्रोनने तेच काम दहा लिटर पाण्यात, दहा-एक मिनिटांत एकरभर उरकतं. दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, "ताई, ड्रोनवाला आहे का ओळखीचा?" म्हणून ठरवलं, भाच्याने ड्रोन चालवायचा, मी बुकिंग आणि हिशोब बघायचा, पण कोर्स दोघांनी करायचा. असा ड्रोन चालवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं.

जाहिरातीत लिहिलं होतं: शुक्रवारी संध्याकाळी या, रविवारी सर्टिफिकेट घेऊन जा. डीजीसीए (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्राचं खातं) मान्यताप्राप्त. बामणोलीजवळ राहायची सोय, चुलीवरची भाकरी, शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात बोटिंग. फोनवरचा माणूस गोड बोलायचा. दोनच जागा उरल्यात, आज भरलेत तर सवलत, असं सांगून त्याने यूपीआयने पैसे घेतले.

जागा खरंच सुंदर होती आणि जेवणही घरचं. कोर्स मात्र पत्र्याच्या शेडमध्ये, प्रोजेक्टरवरच्या स्लाइड वाचून दाखवण्यापुरता. फवारणीचा ड्रोन नव्हताच. होता तो लग्नात शूटिंगला आणतात तसला छोटा कॅमेऱ्याचा, आणि रिमोट प्रत्येकाच्या हातात काही मिनिटं. सिम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर उड्डाणाचा सराव करायच्या साधनाचं, नाव नाही. नोंदणी झालेल्या ड्रोनला यूआयएन, म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक असतो. भाच्याने विचारलं, "सर, याचा यूआयएन कुठाय?" उत्तर आलं, "तो ऑफिसला ठेवलाय." त्याच क्षणी भाचा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मावशी, हे काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या सरांनी ड्रोन थेट बॅकवॉटरवर सोडला. काठावरचे बोटवाले काका ओरडले, "ओ पाव्हणं, पलीकडं अभयारण्य हाय, फॉरेस्टवालं धरतील!" सरांनी घाईघाईने ड्रोन खाली घेतला. कुठे उडवायचं आणि कुठे नाही, हिरवं, पिवळं, लाल क्षेत्र नकाशावर कसं बघायचं, हा तर पायलटच्या शिक्षणाचा पाया. त्यातलं अक्षरही तिथे शिकवलं नाही.

रविवारी विमानाचं चित्र असलेला लॅमिनेट केलेला कागद हातात आला. वर मोठ्या अक्षरात 'सहभाग प्रमाणपत्र'. कायद्याने याची किंमत शून्य. खरं सर्टिफिकेट डीजीसीएने मान्यता दिलेली प्रशिक्षण संस्थाच देते, तेही सरकारी पोर्टलमार्फत, आणि ते 10 वर्षं चालतं. वय 18 ते 65 आणि दहावी पास ही अट आहे. आमच्याकडे कुणी दहावीचं मार्कशीट मागितलंच नाही. खऱ्या संस्थेत थिअरी, सिम्युलेटर आणि त्याच प्रकारच्या ड्रोनवर प्रत्यक्ष उड्डाण असं सगळं मिळून साधारण पाच दिवस जातात. त्यामुळे 'शनिवार-रविवारमध्ये लायसन्स' असं कुणी म्हणालं तर पुढे ऐकूच नका. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएने खुली ठेवली आहे. त्यात नाव आणि पत्ता दोन्ही जुळवा, कारण दुसऱ्याच्या मान्यतेचा नंबर आपल्या जाहिरातीत छापणं फार सोपं आहे.

आता यातली खरी मेख सांगते. पैसे परत मागितल्यावर त्या माणसाने आमचीच पावती आम्हाला दाखवली. तिच्यावर होतं, 'निवास, भोजन व सहल पॅकेज'. प्रशिक्षणाचा शब्दच नाही! "राहिलात, जेवलात, बोटीत फिरलात, मग फसवलं कुठे?" हे त्याचं बोलणं. कोर्सला सहलीचं वेष्टण एवढ्यासाठीच असतं. शिकवलं नाही तरी पाहुणचार झालेला असतो, आणि कागदावर तेवढंच विकलेलं असतं. कष्टाच्या पैशाला असा कागद दाखवणाऱ्याचा मला आजही संताप येतो. म्हणून कोर्सच्या फीची पावती वेगळी मागा. तिच्यावर संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि ड्रोनचा वर्ग लिहिलेला पाहिजे. राहण्याचे पैसे थेट राहण्याच्या मालकाला द्या. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनाही त्याने जेवणाचे पैसे दिलेले नाहीत, हे मागाहून कळलं. इतक्या माणसांना रांधून घालणाऱ्या बाईलासुद्धा त्याने सोडलं नाही.

यूपीआयने किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. त्या माणसाचा पत्ता पुण्याचा असला तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. आम्ही साताऱ्यात तक्रार दाखल केली आहे. 'डीजीसीए मान्यताप्राप्त' लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट भाच्याने जपून ठेवला होता, पावतीवर जे लपवलं ते त्यात ठळक दिसतं.

आमच्यासोबत कराड आणि इस्लामपूरची पोरं होती, एकाने तर बहिणीचे दागिने गहाण ठेवून फी भरली होती. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर पावती, चॅट आणि जाहिरात पुसू नका, आणि मुदत संपायच्या आत आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाका.