पाणी स्वच्छ झालं आणि मासे गेले, बाटलीवाल्यापासून सावध रहा

आमच्या निफाडच्या घरामागं माशांचं टाकं आहे, आठ बाय पाच, अडीच फूट खोल, म्हणजे साधारण 2800 लिटर पाणी. चौदा मासे होते, कोई आणि गोल्डफिश, पोरीनं नावं ठेवलेले. एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि पाणी इतकं हिरवं झालं की मासा वर आला तरच दिसायचा.

तेव्हा एक जण घरी आला, तलावाचं मेंटेनन्स करतो म्हणाला. शंभर टक्के हर्बल औषध आहे, शेवाळ मुळापासून जातं, माशांना काही होत नाही, रोज दोन झाकणं टाकायची, महिन्याचा कोर्स साडेचार हजार. बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र, बाकी घटक नाही, बॅच नाही, कंपनीचा पत्ता नाही. टाकं किती लिटरचं आहे हे सुद्धा त्यानं विचारलं नाही, आणि मला तिथंच कळायला पाहिजे होतं, कारण लिटर माहीत नसताना डोस सांगणारा माणूस औषध देतच नाहीये. पण मी यूपीआय केलं, बिल मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तळ दिसला. खरंच दिसला, सगळ्यांना बोलावून दाखवला. त्याच दिवशी काठावरच्या गोगलगायी मरून पडलेल्या दिसल्या, तिकडं मी लक्षच दिलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे पाचला उठलो तर सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत होते, सकाळपर्यंत चार गेले. त्याला फोन केला तर म्हणे जुनी घाण सुटतीये, डोस डबल करा. आणि मी केला. हे लिहिताना अजून हात थरथरतो. अजून पाच गेले, मग त्याचा फोनच बंद.

शेजारचे तात्या द्राक्षवाले, त्यांनी बाटली उजेडात धरली आणि निळा रंग बघून म्हणाले हे मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, दिसतंय. द्राक्षांवर फवारायचं बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचं असतं, ते करताना चुना कमी पडला का बघायला ते विळा बुडवतात, तसाच पॉलिश पेपरनं घासलेला लोखंडी खिळा त्यांनी त्यात बुडवला, थोड्या वेळानं काढला तर त्याच्यावर तांबूस थर. म्हणजे तांबंच. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरंय, पण तेच तांबं माशांच्या कल्ल्यांना लागतं, गोगलगायी तर आधी मरतात, आणि मेलेलं शेवाळ पाण्यात कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकतं. ऑक्सिजन तसाही पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे त्याच वेळी वर आले. शिवाय तांबं उडून जात नाही, पाणी बदलूनच काढावं लागतं.

आम्ही पाव पाव पाणी रोज बदललं, एअर पंप रात्रभर चालू ठेवला, पाच वाचले.

पाणी हिरवं का होतं तर जास्तीचं खाणं, माशांची घाण आणि दिवसभराचं ऊन, दुसरं काही नाही. आता वर पन्नास टक्क्यांची शेडनेट लावलीये, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, तळातली घाण आठवड्याला सायफननं काढतो, फिल्टर चोवीस तास चालू आणि त्याचा स्पंज टाक्यातल्याच पाण्यात पिळतो, नळाखाली नाही, नाहीतर क्लोरीननं त्यातले चांगले बॅक्टेरिया मरतात. एका कोपऱ्यात बांबूच्या चौकटीत थोडी जलपर्णी आहे, जास्तीची वाढली की खतात टाकतो, ओढ्यात चुकूनही नाही. दीड महिना लागला. पाणी अजून थोडं हिरवट आहे पण मासे दिसतात आणि खातात.

परवा लासलगावच्या बाजारात एका माणसाच्या हातात तीच पानाची बाटली दिसली. त्याला थांबवून सगळं सांगितलं, तो म्हणाला आमच्या गल्लीत तिघांनी घेतलीये. म्हणून हे लिहिलं.